पाठवणीचं गाणं

पाठवणीच्या गाण्याला बायका नेमक्या कुठे पदर डोळ्याला लावतील, हे मी वीस वर्षं बरोबर सांगत आलो. आमच्या ढोलकीवाल्याशी त्यावर चहाची पैज असायची. दुसऱ्या कडव्याआधीचा शहनाईचा तुकडा आला की मी त्याला भुवईनं खुणवायचो, आणि समोरून पहिला हुंदका ऐकू यायचा. चहा बहुतेक वेळा त्यानंच पाजला.

मी कीबोर्ड वाजवतो. सांगली-मिरज, तासगाव, जत या भागातली लग्नं. आधी मंगलाष्टकं, पंगतीला फिल्मी, शेवटी पाठवणी. जुनी मंडळी असली तर पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंचं, लताबाईंनी गायलेलं ‘गंगा जमुना’. नाहीतर ‘नील कमल’मधलं रफीसाहेबांचं ‘बाबुल की दुआएँ’. सिनेमा १९६८चा. त्याची गोष्ट आता नवरीच्या बापालाही सांगता येत नाही, गाणं मात्र लागतंच.

हे सगळं बटणांचं काम आहे, असं माझं ठाम मत होतं. शहनाईचा टोन लावायचा, एको थोडा वाढवायचा, लय जरा खाली आणायची, कोमल गंधारावर टेकून सावकाश रिषभावर उतरायचं. झालं. इंग्लंडातल्या जॉन स्लोबोडा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९१ साली लोकांना विचारलं होतं, की संगीतातल्या कुठल्या जागेला तुमचे डोळे भरून येतात? त्यातल्या बऱ्याच जागी स्वर आधी शेजारच्या स्वरावर टेकून मग आपल्या घरी येत होता. हे वाचलं आणि माझी कॉलर ताठ झाली. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो आणि पाय उडतो, तसंच हे रडणं. त्यात भावबिव काही नाही.

मग तासगावच्या पुढे एका लग्नात वळवाचं वारं सुटलं. मांडवाचं कापड उडून तारेवर पडलं आणि लाइट गेली. जनरेटर आधीच दुसऱ्या लग्नाला गेलेला. कीबोर्ड मेला, माइक मेला. नवरी गाडीत बसलेली, गाडीचं दार उघडं, आणि कुणी रडेना. बाप डिकीत भांडी मोजत होता. हंडा, कळशी, पाच ताटं, परत हंडा. तीनदा मोजली त्यानं. बायका एकमेकींकडे बघत उभ्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, बंद केली. निघायचं कसं हेच कुणाला कळेना.

शेवटी नवरीची चुलत आजी पुढं झाली. गाडीच्या दाराला हात धरून तिनं जात्यावरची ओवी काढली. आवाज फाटका. सुरुवात काळी एकच्या आसपास, दुसऱ्या ओळीला चांगला अर्धा सूर खाली. एको नाही, शहनाई नाही, नुसत्या तीन-चार सुरांत येरझाऱ्या. तिसऱ्या ओवीला बापानं हातातली कळशी खाली ठेवली आणि डिकीच्या झाकणाला डोकं टेकून तो ओक्साबोक्शी रडला. मग सगळ्याच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. खरं तेच सांगतो. मी तिची पट्टी शोधत होतो.

परतताना टेम्पोत ढोलकीवाला म्हणाला, “आज चहा कुणाकडं?” मला उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर मला माझीच वीस वर्षं उलटी दिसायला लागली. माणसं सकाळपासून भरलेलीच असतात. बापाच्या डोक्यात आचाऱ्याचा हिशेब, पाहुण्यांचा मानपान, व्याह्यांचे रुसवे. दिवसभर त्याला कुणी रडू देत नाही. गाणं लागलं की त्याला तेवढी मोकळीक मिळते. रडू त्याचं त्यानंच आणलेलं असतं, मी फक्त वेळ झाल्याचं कळवायचो. आणि बायका तरी सगळ्या या नवरीसाठी कुठं रडतात? प्रत्येकीला आपली गाडी आठवते, आपलं उघडं दार.

पुढं मी ओव्यांच्या नादी लागलो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सोबतिणींसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. आई, भाऊ, माहेर, सासरचा जाच, सगळं त्यात. पहाटेच्या अंधारात दळता दळता म्हटलेलं. ऐकायला असलीच तर जात्याला हात लावणारी जाऊ. इथं माझा हिशेब पार बसेना. समोर पब्लिकच नाही, तर युक्ती करायची कुणावर?

आणखी एक कबूल करायला हवं. मी मिरजेचा. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं, तिथं लहानपणापासून बसलो. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची भैरवीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून डोळे पुसणाऱ्याला आम्ही रसिक म्हणायचो आणि मांडवात रडणाऱ्या मावशीला रडकी. दोघांच्या पाण्याला चव एकच, पण मला ते कबूल करायचं नव्हतं. मला रसिकांच्या बाजूला बसायचं होतं ना.

टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षक दर आठवड्याला रुमाल काढतात, त्याबद्दल माझं मत अजून जुनंच आहे. ते बटणच आहे.

आता पाठवणीला मी एको वाढवत नाही आणि समोर बघत नाही. पैज बंद केली, तर ढोलकीवाला वैतागला. खरं तर चहा बहुतेक वेळा त्याचाच जायचा.

त्या लग्नातलं एक राहिलं. गाडी गेल्यावर नवरीचा बाप आमच्याकडे आला. पाठवणी वाजवलीच नव्हती, म्हणून मी पैसे कमी सांगायच्या बेतात होतो. त्यानं ठरलेले सगळे मोजून हातावर ठेवले. डोळे अजून लाल.

“लाइटीनं घोळ केला,” तो म्हणाला, “पण मास्तर, गाणं बेस झालं.”

मी पैसे खिशात घातले.