गाळ्यामागचे वाफे

17 मार्च 2024
गाळ्याच्या मागच्या भिंतीपासून चाळीच्या गटारापर्यंतचा तुकडा आज मोकळा केला. वीस बाय वीस फूट, फार तर. वरचा थर सगळा डेब्रिजचा: फुटक्या लाद्या, गोठलेली सिमेंटची पोती, थर्माकोल. चिंचोटी-भिवंडी रस्त्याला लागून नुसती गोदामं आणि गाळे. मान वर केली की तुंगारेश्वरचं जंगल, खाली पाहिलं की काँक्रीट. जागा मालकाची. आगरी माणूस, मनाने मोकळा. म्हणाला, "विकेपर्यंत करा काय करायचं ते." कागद नाही, भाडं नाही. एवढ्या हमीवर शहरात बऱ्याच गोष्टी उभ्या राहतात.
देवगडच्या वहिनी, लातूरकडचं जोडपं आणि आझमगडचे चाचा कामाला आले. चाचांचा रोजा होता, तरी घमेली वाहत होते. पलीकडच्या पाड्यावरची वारली आजी दगडावर बसून बघत राहिली. काहीच बोलली नाही.

24 मार्च
डेब्रिजखालची माती पांढरट, चिवट. बाहेरून लाल माती आणायची तर गाडीचे पैसे कोण देणार? म्हणून श्री. अ. दाभोलकर काढून बसलो. आमच्या गारगोटीत, मौनी विद्यापीठात ते गणित शिकवायचे. पुढे 'प्रयोग परिवार' उभा केला आणि द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना पानं मोजायला लावलं. त्यांच्या वाटेने पुढे गेलेल्यांची अमृतमाती पालापाचोळ्यातूनच तयार होते. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ; तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाणी घालायचं. त्यात पाला भिजवून मातीबरोबर थर रचायचे. ढीग मुरला की त्यावर तऱ्हेतऱ्हेचं बी पेरायचं, रोपं ठरावीक दिवसांनी छाटून तिथेच आच्छादायची. जवळजवळ पाच महिन्यांचं काम.
तबेल्यात गेलो. मालक जौनपूरचे. "अंकल, गोबर तो मुफ्त है, ले जाओगे कैसे?" गाय नाही, म्हशीचंच शेण आणि म्हशीचंच मूत्र. दाभोलकर हसले असते, पण नाही म्हणाले नसते.

9 एप्रिल
पाडवा. गुढीसाठी आणलेल्या कडुलिंबाचा उरलेला पाला ढिगात गेला.
दुपारी उन्हाचा हिशेब केला. भर उन्हात एक चौरस फूट पान दिवसाला साधारण तीन ग्रॅम कोरडा माल तयार करतं, असं दाभोलकरांचं गणित. पण ते आठ-दहा तासांच्या उन्हाचं. आमच्याकडे अकरापर्यंत गाळ्याची सावली, चारनंतर समोरच्या इमारतीची. म्हणजे निम्मंच धरायचं. भाजीत नव्वद टक्के पाणी, म्हणजे चौरस फुटामागे पंधरा ग्रॅम ओला माल; चारशे फूट पानांनी पूर्ण झाकले तर कागदावर रोज सहा किलो. त्यातले देठ-मुळं वजा करा, गोगलगायींचा वाटा वजा करा. तरी लातूरच्या पोराने 'सहा किलो' तेवढंच ऐकलं आणि चाळभर सांगितलं. आता सगळ्यांना एकेक वाफा हवा आहे.

12 मे
पाणी हेच खरं भांडण. टँकर आला की हंडे आधी, झाडं नंतर, आणि ते बरोबरच आहे. ठरलं ते असं: तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी एका पिंपात टाकायचं, साबणाचं नाही. गटाराचं पाणी उचलायला दोघांचा हात पुढे आला होता. मी अडवलं. मुंबईत रुळांलगत पालक-मुळा दिसायचा ना, ती जमीन रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीला द्यायची. जुन्या 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेची ती शेपटी. कल्पना चांगली, पण तिथल्या भाजीला नाल्याचं पाणी घातल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. इथे तर गटारात गाळ्यांतलं काय काय उतरतं कुणास ठाऊक.
मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीचं उदाहरण सांगितलं. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास रोजचा ओला कचरा गच्चीवरच जिरवायला सुरुवात केली आणि त्यावर फळं-भाज्या उभ्या केल्या. नंतर 2009मध्ये त्यातूनच 'अर्बन लीव्ह्ज' निघालं. चाचा म्हणाले, "उनके पास कैंटीन था." बरोबर आहे. एका छताखालचा कचरा आणि वीस चुलींचा कचरा गोळा करणं, यात फार फरक आहे.

10 जून
पाऊस लागला. आजी जंगलातून शेवळं घेऊन आली आणि पहिल्यांदा बागेत शिरली. वहिनींनी शेवळं घेतली, काकड विसरल्या. आजीने परत बोलावून कनवटीची काकडफळं हातावर ठेवली. त्यांच्याशिवाय भाजी केली तर घसा खाजून जीव जातो. पैसे सांगितले ते शेवळांचेच.

30 जून
आज रविवार, निंदणीला सगळे हजर. दोन तासांत वाफे चकाचक. मग आजी आली आणि बांधावरचा उपटलेला ढीग बघून खवळली. टाकळा आणि कुरडू होते त्यात, कोवळे. "खायचं ते टाकलं, आणि हे काय ठेवलं?" हे म्हणजे लातूरकरांची मेथी, पावसाने झोपलेली. कोकणात टाकळा खातात, म्हणून वहिनींची मान खाली. चाचांनी सरळ दोन मुठी पिशवीत भरल्या. त्यांच्या गावाकडेही खातात म्हणे. म्हणजे माझं धरून चार घरांपैकी तीन घरं ओळखत होती आणि तरीही चौघांनी मिळून उपटला. बागेत आलं की माणूस बाजाराचे डोळे लावून येतो.
आजीने गटाराकडच्या बाजूचा टाकळा मात्र बाजूला काढला. "हा नाही खायचा." कारण विचारावं लागलं नाही. भिंतीलगतची एक पट्टी आता निंदायची नाही, असं ठरवलं. तिथे काय उगवू द्यायचं, ते आजी सांगेल.

25 जुलै
फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. वसईच्या वाड्या, विहिरी, तळी वाचवायला 'हरित वसई'च्या लढ्यात ते उभे राहिले, टँकरवाले आणि बिल्डर दोघांच्याही समोर. 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण इथे आधी ओळख लढ्याची. हिरवी वसई म्हटलं की लोकांना पश्चिमेच्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या दिसतात. रुळांच्या पूर्वेचं आमचं कामण त्या चित्रात कमीच असतं, जंगल आमच्याकडे असूनही.
संध्याकाळी कुणी काही बोललं नाही. पिंपातलं पाणी घातलं आणि घरी आलो.

11 ऑगस्ट
दोडका, भेंडी, मायाळू, अळू. तबेलेवाल्यांच्या घरचा भोपळा चढून गाळ्याच्या पत्र्यावर गेला आहे. गाळेवाला म्हणतो, पत्र्यावरचा माल माझा. एक भोपळा देऊन मिटवलं. वाफ्यांच्या हद्दी कुणीच पाळत नाही. अळू वहिनींच्या वाफ्यात, पण शेजारी वडी करायला पानं न विचारता काढतात. मी वही ठेवून बघितली, कुणी किती नेलं त्याची. दुसऱ्याच आठवड्यात वहीची पानं बियांच्या पुड्यांना गेली.

8 सप्टेंबर
ऋषीपंचमी. बैलाच्या कष्टाचं आज चालत नाही, आणि अख्ख्या चाळीला अचानक आमची बाग आठवली. ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का, यावर नळावर वाद झाला. एक बाजू म्हणे बैल नाही, मग चालतं. वहिनी म्हणाल्या, हाताने खणलेलं ते हाताने खणलेलं. सकाळी सातला रांग. भेंडी, दोडका, अळू, लाल भोपळा, मक्याचं कणीस एकच, ते किसून सगळ्यांच्या पातेल्यात वाटलं. चाचांनी दोडके स्वतः तोडून दिले.
मालक दुपारी आला. जागेला गिऱ्हाईक आहे, दिवाळीनंतर बघू, म्हणाला. त्याच्या घरीही ऋषीची भाजी व्हायची होती. पिशवी भरून दिली. आजीने पट्टीतला कुरडू बियांवर सोडला आहे, उद्या ते बी झाडून डब्यात भरायचं.