कानस, ग्लँड आणि गेटपास

आमच्या घिवलीत नुसतं ‘प्लांट’ म्हटलं की तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. 1969 पासून तिथं वीज तयार होतेय; 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. पलीकडे बोईसरची एमआयडीसी. एवढं सगळं दारात आहे, तर पोरांना नोकरीची काय चिंता, असं पाहुणेमंडळी म्हणतात. पण आत जायला कागद लागतो, आणि नेमका कोणता, हे दहावीच्या पोराला सांगणारं घरात कोणी नसतं.

मी पालघरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड घेतला, तो चुलतभावाने घेतला होता म्हणून. आयटीआय म्हणजे ढ पोरांची जागा, असं तेव्हा आईसुद्धा म्हणायची (आता नातवाच्या बाबतीतही तेच म्हणते). बाबा बोटीवर जायचे. त्यांनी एवढंच विचारलं, “इंजिन खोलता येईल ना?”

इंजिन राहिलं लांब, सुरुवातीला हातात आली कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासत बसायचं. कानस पुढे ढकलायला सुरुवात करताना पुढच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मागच्या हाताचा; हे जमलं नाही की मधे फुगवटा राहतो आणि कडा उतरतात. सर तुकड्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचे. मधून उजेड दिसला की जॉब मुकाट्याने आमच्या बाकावर परत. तळहाताला फोड यायचे, तरी उजेड काही बंद व्हायचा नाही. दोन वर्षांत लेथ, ड्रिलिंग, वेल्डिंगची तोंडओळख, ड्रॉइंग असं बरंच झालं, पण हात घडला तो त्या कानशीवर.

पुढे बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे अशा जागा मिळतात. कूलिंग टॉवरच्या पंपाचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी दोरी, बदलायचं होतं. दोरीच्या रिंगा तिरक्या कापल्या, एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येणार नाही अशा बसवल्या आणि ग्लँडचे नट कचकचून आवळले. आयटीआयमध्ये फट राहू द्यायची नाही, हेच शिकलो होतो ना! जुन्या फिटरकाकांनी नट सैल केले. “थेंब थेंब गळू दे रे, त्या पाण्यानंच पॅकिंग थंड राहतं. नाहीतर शाफ्ट जळेल.” हे पुस्तकातही असेल, पण मला कळलं ते तिथं.

म्हणून माझं मत पक्कं आहे: अ‍ॅप्रेंटिसशिप न करता नुसतं सर्टिफिकेट घेऊन गेटवर उभं राहिलेल्या पोराला ठेकेदार ‘हेल्पर’चा गेटपास काढून देतो आणि काम फिटरचं करून घेतो. दुरुस्तीसाठीच्या शटडाउनच्या दिवसांत तर सर्रास. माझ्याबरोबरचे काही जण अजून त्याच पासवर आहेत. मला त्याच कारखान्यात मेंटेनन्सला घेतलं, कारण वर्षभर त्यांनी माझा हात पाहिला होता.

प्लांटमध्ये मात्र जाता आलं नाही. तिथल्या आयटीआयवाल्यांच्या प्रशिक्षणार्थी भरतीला नुसता ट्रेड पुरत नाही; दहावीला विज्ञान आणि गणित, दोन्हींत वेगवेगळे किमान 50 टक्के मागतात. गणितात मी तिथवर पोचलो नव्हतो. ही अट कळली तेव्हा दहावी होऊन काळ लोटला होता.

तेव्हा घिवली, दांडी, उच्छेळीच्या नववी-दहावीतल्या पोरापोरींनो, आयटीआयला जायचं ठरलं म्हणून गणित सोडू नका. आणि पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हेही घरी सांगा.