खर्जाचं वजन

निलंग्यात लाइट गेली की आधी पंखा थांबतो, मग फ्रिज, मग गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची धडधड. त्या दुपारी आणखी एक गोष्ट थांबली, आणि ती थांबल्यावरच कळलं की ती सकाळपासून चालू होती. अ‍ॅम्प्लिफायरची घूं. लाइट परत आली तेव्हा मी बास गिटार मांडीवर घेतली, सगळ्यांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट दाबलं आणि तार छेडली. घूं आणि तार जवळजवळ एकाच सुरात होत्या. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि बासच्या त्या जागी निघणारा जी ४९ हर्ट्झचा असतो. कोपऱ्यावरची डीपी याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर गुणगुणते. तोही सूर मोकळ्या जी तारेच्या शेजारचाच. गाव दिवसभर एकच खर्ज धरून बसलेलं असतं आणि आपण त्यावर बोलत, भांडत, भाव करत राहतो.

बास हेडलेस आहे. खुंट्या असतात ते डोकं तिला नाही. दांडी जिथं संपते तिथं वाद्यही संपतं. शेजारच्या काकूंनी पाहिल्याबरोबर विचारलं, “काय रे बाबा, धोपटणं आणलास का?” आकार तसाच आहे खरा. ही कल्पना काढणारा नेड स्टाइनबर्गर मुळात फर्निचरचा डिझायनर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तो स्टुअर्ट स्पेक्टर या बास बनवणाऱ्याच्या सोबतीनं काम करत होता. खुर्चीचा तोल पाहणाऱ्या माणसाला लगेच खटकावं असं बासमध्ये काही असेल तर ते डोकं. हातभर लांब दांडीच्या टोकाला चार जड लोखंडी खुंट्या. हात सोडला की ते टोक जमिनीकडे झुकतं आणि वाजवणाऱ्याचा डावा खांदा रात्रभर ते ओझं वाहतो. त्यानं सूर लावायची सोय घोडीकडे, दुसऱ्या टोकाला नेली, डोकं काढून टाकलं आणि सगळं वाद्य कार्बन फायबरचं केलं. १९८१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्या वर्षीच्या उत्तम डिझाइनमध्ये ते नोंदवलं. मला त्यात आवडतं ते हे, की त्यानं काही नवं चिकटवलं नाही. जे होतं त्यातलं काढलं.

त्या कार्बनच्या दांडीला आत सळईसुद्धा लागत नव्हती. माझी बास वीस हजारांच्या आतली, लाकडाची, आणि लाकडाला ऋतू कळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठक्क होते. मग जून-जुलैत तेच लाकूड पाणी पितं. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोंच्या आसपासचा ताण त्या दांडीवर अष्टौप्रहर असतो. म्हणून स्वस्त बास पारखायची तर आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून सातव्या पडद्याशी तारेखाली किती फट उरते ते बघावं. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी उरली तर ठीक. जास्त असेल तर आतली सळई पाव फेरा कसावी आणि वाद्य रात्रभर तसंच राहू द्यावं. लाकूड घाईनं ऐकत नाही. मग दांडीचं टोक लाकडी कपाटाला टेकवून एक लांब सूर छेडावा. डोकं नसल्यामुळे तारा जिथं आवळल्या आहेत तेच टोक फळीला भिडतं. अख्खं कपाट बोलू लागतं, आतल्या साड्यांसकट. सूर किती वेळ टिकतो, कुठल्या पडद्यावर लवकर मरतो, सगळं तिथंच कळतं. माझी बास या परीक्षेत चांगली निघाली, फक्त सूर लावायचे मळसूत्री पेच खरखरत होते. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब त्यांना पुरले.

एक सांगून ठेवतो, कारण याच्यात तारा वाया जातात. वरच्या टोकाला तार पेचाखाली आवळायची असते आणि उरलेली कापायची. कापण्याआधी तार काटकोनात वाकवून घ्यावी. आधी कापली तर वरचं वेटोळं सैल होतं आणि तार मुकी पडते.

पिकअप बदलावं का, असं मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात विचारलं. हे विचारायची जागा तीच. कमी-जास्त व्होल्टेजनं जळालेल्या विहिरीवरच्या मोटारी तिथं रांगेनं पडलेल्या असतात, आणि तांब्याची तार किती वेढे घातली की काय होतं हे त्या माणसाइतकं कुणाला ठाऊक? पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याचे हजारो वेढे, एवढंच तर. फक्त तार केसाइतकी बारीक. त्यानं मल्टिमीटर लावला, सात हजार ओहमच्या पुढे काटा गेला, आणि म्हणाला, “कॉइलला काय धाड भरली? अर्थिंग बघ.” मग बासच्या पोटातल्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, ती अर्थच्या तारेला जोडली. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून बादलीभर पाणी ओतलं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थ मिळत नाही. घूं पुष्कळच उतरली. माझं ठाम मत आहे की हजारोंचं पिकअप विकत घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःच्या घराच्या खड्ड्यात पाणी ओतावं.

खालचा सूर ही वजनाची गोष्ट आहे, हे मला बासनं शिकवलेलं नाही. ते कणकेनं शिकवलं. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सप्ता बसायचा: पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावायची असे आणि ती मळून आणायचं काम आम्हा पोरांकडे. आमच्या घरी रोजची भाकरी, ज्वारीची. एकदा आजीनं सहज सांगितलं, “ज्वारीचं नेऊ नको, ते धरत नाही.” ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेन नसतो, म्हणून तर भाकरीच्या पिठाला आधणाचं पाणी लागतं आणि तरी ती थापताना कडा फाटतात. मृदंगावर ते पीठ दोन थापांत उडून जाईल. तेव्हा सप्त्यापुरता गहू दळून आणायचा, वाटीभर कणीक जरा सैल मळायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पळत न्यायची.

मृदंग वाजवणारे मामा ती हातात घेऊन आधी नुसती दाबून बघत. मग पुडीच्या मधोमध थापून अंगठ्यानं कडा पातळ करत, बोटं पाण्यात बुडवून वरून फिरवत आणि एक थाप मारत. कोरडा आवाज आला की चिमूटभर आणखी. गच्च, बसका आला की नखानं थोडी काढायची. ते किती वेळ चालायचं ते सांगता येणार नाही, पण कीर्तनकार बुवा पागोटं बांधून तयार असले तरी कुणी घाई करत नसे. आणि मग ती थाप यायची. कानाला ती पुरती ऐकूच येत नसे. बसलेल्या सतरंजीखालच्या फरशीतून मांड्यांत चढायची. चिमूटभर कणकेनं पुडी जड होते, जड पुडी सावकाश हलते, सावकाश हलली की सूर खाली उतरतो. शाळेत हे शिकवायला कुणी आलं नाही, ते देवळात वाटीत ठेवलेलं होतं.

कोपऱ्यात वीणेकरी उभा असे. सप्ता सुरू झाल्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. पहारा संपला की पुढचा येई, दोघं एकमेकांच्या पाया पडत आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाई, तार चालूच. दुपारच्या उन्हात देऊळ रिकामं असायचं. बायका घरी, माणसं रानात. वीणेकरी एकटाच, पेंगुळलेला, तरी बोट हलत असायचं. मी तिथं पायरीवर चिंचा खात बसायचो. कुणी ऐकत नसताना वाजणारा तो सूर मला कीर्तनापेक्षा जास्त आवडायचा, अजूनही आवडतो. पुढे रेकॉर्डवर आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवायचे ते लक्ष देऊन ऐकू लागलो तेव्हा मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. गाणं संपल्यावर तो आवाज कुणी गुणगुणत नाही. काढून घेतला तर मात्र गाणं उभं राहत नाही.

बासच्या जाड तारेतही कणीकच आहे. आत पोलादी तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेची वेटोळी, नुसती वजनासाठी. त्याच जाडीची सलग सळई लावली असती तर ती ताठच राहिली असती, वाजली नसती. मोकळी सोडली की ती तार सेकंदाला ४१ वेळा हलते. माझ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमधून हा ४१ चा सूर नीट बाहेर येतच नाही. ८२ आणि १२३ चे वरचे स्वर येतात, आणि त्यांच्याखालचा पाया कान स्वतः भरून काढतो. मिरवणुकीतल्या डीजेला हा विश्वास नाही. तो छातीवर धक्के मारतो, त्यात सूर शोधूनही सापडत नाही. त्याला मी खर्ज म्हणणार नाही.

सगळं झालं, तरी एक करकर उरली होती. बाराव्या पडद्याच्या पुढे तार पडद्यांना निसटती लागते. घोडी थोडी उंच केली की जाते. पण मी केलेली नाही. कारण मिरजेला लोक नेमकी अशीच करकर मिळवण्यासाठी आयुष्य घालवतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार त्यावर पसरून टेकेल, मग खाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि जवारी खुलते. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथं ही वाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही लातूरकर मिरजेचं नाव वेगळ्या कारणानं घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये, नळ कोरडे पडलेले असताना, मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, आणि पावसाळ्यापर्यंत गाड्या येत राहिल्या.

त्याच रुळांवरून उलट दिशेनं जायचं माझ्या मनात आहे. कुर्डुवाडी, पंढरपूर, मग मिरज. भोपळ्याच्या तंबोऱ्यांमध्ये बसलेल्या एखाद्या जवारीकारापुढे ही बास ठेवायची आणि विचारायचं, हिच्या बाराव्या पडद्यापुढचे पडदे काढून नुसत्या लाकडावर तार कशी बसवता येईल. डोकं नसल्यामुळे ती वरच्या बर्थवर माझ्या उशाशी आडवी मावेल.