फलकावर गोवा नव्हता

त्या फलकावर अंगोला होता, मोझांबिक होता, गिनी होता. गोवा नव्हता. बरेच दिवस झाले, तरी हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

स्पेन आणि पोर्तुगालच्या आधुनिक छायाचित्रांचं ते प्रदर्शन देशोदेशी फिरत मुंबईत आलं होतं. आमच्या नवी मुंबईत प्रदर्शन म्हटलं की फ्लॅटचं, नाहीतर साड्या-लोणची-सोफासेटचं. भिंतीवर टांगलेले फोटो बघायचे तर हार्बर लोकल धरून सीएसएमटी गाठायची. मी नेरूळचा, बँकेतून निवृत्त झालेला, कॅमेऱ्याचा नाद तरुणपणापासूनचा. एवढी ओळख पुरे.

प्रदर्शन उत्तम होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल, म्हातारा भांडायलाच गेला होता. रामोन मासातचा तो १९६० सालचा प्रसिद्ध फोटो तिथं होता. माद्रिदमध्ये पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा एक तरुण गोलकीपर, पायघोळ काळा झगा घालून, बॉलसाठी हवेत आडवा झेपावलेला. फ्रँकोच्या त्या सोवळ्या राजवटीत धर्माचा झगा असा हवेत फडफडताना बघून मी एकटाच मोठ्यानं हसलो. पुढं जुआन कोलोम. हा बार्सिलोनाच्या बदनाम गल्ल्यांतून कॅमेरा कमरेशी लपवून, नेम न धरता फोटो काढायचा. पेशानं हिशेबनीस, म्हणजे आमच्याच खात्यातला. क्रिस्तिना गार्सिया रोदेरो ही बाई तर १९७३ पासून पंधरा वर्षं खेडोपाडी जत्रा-उरूस धुंडाळत हिंडली. नवस, उपास, अंगावरचे वळ, मध्येच खिदळणारी पोरं. नावं बदलली तर फोटो आंगणेवाडीचे म्हणून खपतील. एलेना आल्मेइदाच्या निळ्या रंगाच्या फोटोंपुढं मात्र बराच वेळ उभा राहिलो, काही उमगलं नाही. उमगलं असं म्हणायची पद्धत आहे, ती मला जमत नाही.

मग पोर्तुगालचं दालन. एदुआर्दो गाजेरोनं एप्रिल १९७४ च्या क्रांतीत टिपलेला फोटो: गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात एक सैनिक भिंतीवरून हुकूमशहा सालाझारची तसबीर उतरवतोय. सालाझार मरून तेव्हा चार वर्षं होत आली होती, तसबीर मात्र जागची हललेली नव्हती. शेजारी काशियास तुरुंगाचं दार. २६ एप्रिलच्या रात्री तिथून राजकैदी सुटले तेव्हाची गर्दी, मिठ्या, रडणं. आणि मधोमध तो फलक. या तुरुंगात राजवटीनं आपल्या विरोधकांना कसं डांबलं, कम्युनिस्ट कोण, विद्यार्थी कोण, आफ्रिकेतल्या वसाहतींची युद्धं १९६१ पासून कशी पेटली. सगळं नेटकं. मी तो फलक खालून वर, वरून खाली वाचला.

काशियास हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते लिस्बनच्या संदर्भात नाही, मोहन रानड्यांच्या संदर्भात. आमचे अण्णा १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. मार खाऊन हद्दीबाहेर फेकले गेले, परत आले. त्याच सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी गोळीबारात हुतात्मा झाले. अण्णा स्वतःबद्दल कधी बोलले नाहीत, रानड्यांबद्दल मात्र पुष्कळ बोलायचे.

सांगलीचा हा माणूस शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात शिरला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून जखमी अवस्थेत पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. १९६० मध्ये त्याला लिस्बनला नेऊन काशियासला ठेवलं. आता पुढचं नीट वाचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आपल्या सैन्यानं पकडलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ मध्ये आपापल्या घरी गेलेसुद्धा. आणि रानडे? रानडे काशियासलाच. ज्या प्रदेशासाठी शिक्षा झाली, तो प्रदेश त्या सरकारच्या हातातून गेला, तरी शिक्षा चालूच! एक वर्ष नाही, दोन नाही, सात वर्षं. आपले सैनिक परत आलेत, आता या माणसाला जाऊ द्यावं, एवढं लिस्बनमध्ये एकाही अधिकाऱ्याला वाटलं नसेल का? आणि आपल्याकडून, ते तीन हजार परत पाठवताना, एका माणसाचं नाव टेबलावर ठेवायला काय हरकत होती? अण्णा हा प्रश्न विचारायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. माझाही चढतो. इकडे सुधीर फडक्यांसारखी माणसं त्यांच्या सुटकेसाठी समिती करून धडपडत होती. १९६८ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. तेलो मास्कारेन्यश हे गोव्याचे कवी आणखी एक वर्ष मागे राहिले, १९७० मध्ये सुटले.

हे सगळं मी दालनातल्या स्वयंसेवक मुलीला सांगितलं. ती बिचारी ऐकत राहिली. मग तिनं आतून एका गृहस्थांना बोलावलं. ते आधी इंग्रजीत, मग मी मराठीच सोडत नाही म्हटल्यावर मराठीत म्हणाले, "काका, हे प्रदर्शन फोटोग्राफीचं आहे, इतिहासाचं नाही."

"मग फलकावर अंगोला कशाला लिहिलंत?"

"मजकूर तिकडूनच आलाय. आम्हाला त्यात बदल करता येत नाही."

"खाली आणखी एक पुठ्ठा लावता येईल. मी लिहून देतो."

"अभिप्रायाच्या वहीत लिहा ना."

लिहिलं. पानभर लिहिलं. माझ्या वरचा अभिप्राय होता 'खूप छान, एसी गार आहे.'

तिकडूनच आलाय, हेच मला डाचतं. लंडनला लावलं तर ठीक, टोकियोला लावलं तर ठीक. पण हे लागलं होतं मुंबईत. वसई इथून किती लांब? मी ज्या हार्बर मार्गानं आलो त्याच मार्गावर बेलापूर आहे, तिथल्या किल्ले गावठाणातला किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १७३० च्या दशकात मराठ्यांनी तो घेतला. परदेशातून आलेलं प्रदर्शन मांडणाऱ्यांनी इथल्या एका जाणत्या माणसाला आधी मजकूर दाखवावा, एवढंच म्हणणं आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

परतीच्या गाडीत मात्र रागाचं टोक सरकायला लागलं. फलक गाजेरोनं लिहिला नव्हता. आणि त्याच्या फोटोतला तो सैनिक ज्या क्रांतीचा, त्या क्रांतीनंतरच्याच सरकारनं ३१ डिसेंबर १९७४ ला करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. म्हणजे ती तसबीर खाली आली, म्हणून तेरा वर्षं अडलेलं ते काम झालं. रानड्यांना डांबणारे आणि त्या पोर्तुगीज पोरांना डांबणारे एकच होते. तरीही ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या यादीत आपलं नाव नसणं मला सोसत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत, एकमेकींशी बोलत नाहीत.

आणि दुसऱ्यांच्या फलकाचं काय घेऊन बसलोय! आमच्या सोसायटीतल्या सकाळच्या फिरायच्या कंपूत मी हिरवे गुरुजींचं नाव काढलं. एकानं विचारलं, कुठल्या शाळेत होते? पनवेल आमच्यापासून मोजक्या स्टेशनांवर. नातवाला मात्र मासातचा गोलकीपर मोबाइलवर दाखवला, तर तो म्हणाला, गोल झाला की वाचला? मला सांगता आलं नाही. फोटो असे असावेत. खरं तर त्या दालनातला सगळा मजकूर काढून टाकला असता तरी ते फोटो उभेच राहिले असते, असं मला आता वाटतं, आणि तसं वाटल्यावर माझ्या वहीतल्या पानभर अभिप्रायाचं काय करायचं ते कळत नाही.

ते प्रदर्शन पुन्हा जवळपास कुठं लागलं तर जरूर जा. मोहन रानड्यांचं 'सतीचे वाण' एखाद्या जुन्या वाचनालयात मिळालं तर जाण्याआधी वाचा. आणि फलक तोच असेल तर अभिप्रायाच्या वहीत तुम्हीही दोन ओळी मराठीत लिहा.