हवा लहान होत नाही

विमानाचा आराखडा भिंतीवर लावला की बहुतेक सगळं लहान करता येतं. एचटी-२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ पावणेअकरा मीटर. एकास पाच प्रमाणात ते सव्वादोन मीटरच्याही आत येतात. चाकांचा घेर, कॉकपिटच्या काचा, वैमानिकाच्या खांद्यावरचे पट्टे, सगळ्याला पाचानं भागत जायचं. भागता येत नाही ती हवा. माळावर सकाळी भेटणारा वारा मोठ्या विमानांना भेटतो तोच असतो. रेडिओ कंट्रोलवर उडणारी हुबेहूब विमानं बांधण्याच्या या छंदाची सगळी गोडी मला त्यात वाटते. कपाटात ठेवायची प्रतिकृती डोळ्यांना पटली की झालं. उडणारी प्रतिकृती हवेलाही पटावी लागते.

एचटी-२ हे भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं प्रशिक्षण विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी त्याचा आराखडा केला आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम आकाशात नेलं. खाली बसवलेले पंख, एकामागे एक दोन बैठका, आत न जाणारी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक. दिसायला साधं, स्वभावानं सरळ. हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाची बाराखडी याच विमानावर गिरवली. कोल्हापूरकडच्या माणसानं आखलेलं विमान पुण्याबाहेरच्या माळावर पुन्हा उडावं, एवढ्यासाठीच मी ते निवडलं.

पाचाचा भागाकार मात्र सरळ चालत नाही. लांबी पाचपट कमी होते तेव्हा पंखाचं क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होतं आणि आकारमान सव्वाशेपट. भरलेलं एचटी-२ साधारण एक टनाचं; त्या हिशेबानं मॉडेल आठ किलोंच्या आसपास असावं. वेगाचा हिशेब आणखी वेगळा. वेग लांबीच्या वर्गमुळानं बदलतो; पाचाचं वर्गमूळ सव्वादोनच्या जवळपास, म्हणून मॉडेलनं मूळ वेगाच्या पंचेचाळीस टक्के वेगानं उडावं. काळही त्याच प्रमाणात आवळतो. मोठं विमान चार सेकंदांत कलतं तिथे छोटं दोन सेकंदांच्या आत कलून मोकळं होतं.

पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. उड्डाणाचं अर्धं नशीब त्या थरात असतं, हे लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं. घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला शिकले ते याच प्रांटल यांच्या हाताखाली. मॉडेल बांधताना या गुरुशिष्यांची आठवण पावलोपावली होते. हवा पंखाला किती चिकट लागते ते सांगणारा रेनॉल्ड्स अंक पाचपट लहान आणि सव्वादोनपट संथ पंखासाठी मूळच्या सुमारे अकराव्या भागाइतका उतरतो. तीच हवा छोट्या पंखाला काकवीसारखी घट्ट लागते, आणि तो पातळ थर पंखाची पाठ लवकर सोडतो. म्हणजे घाटग्यांनी काढलेली वक्ररेषा जशीच्या तशी लहान केली तर ती त्यांच्या विमानासारखी उडेलच असं नाही. पंखाचं टोक दोनेक अंशांनी खाली पिळावं लागतं, म्हणजे वेग कमी झाल्यावर आधी मुळाशी उचल सुटते आणि टोकाकडचे, विमान कलवणारे एलेरॉन शेवटपर्यंत हाताशी राहतात. आडवं शेपूट कधी किंचित वाढवावं लागतं. डोळ्याला कळणार नाही एवढा हा फरक, पण तो केला म्हणजे एचटी-२ चा सरळ स्वभाव टिकतो. मापापेक्षा स्वभावाशी प्रामाणिक राहावं, हे मला बांधकामाच्या टेबलावर पटलं. नक्कल आणि निष्ठा तिथे वेगळ्या होतात.

या टेबलावरचं मुख्य लाकूड बाल्सा. इक्वेडोरच्या ओल्या जंगलातलं हे झाड सहा-सात वर्षांत तोडणीला येतं, आणि त्याचं चांगलं लाकूड सागवानाच्या चौथाई वजनाचं असतं. पण सगळा बाल्सा सारखा नसतो. प्रत्येक फळी तराजूवर ठेवायची, बोटांनी वाकवून बघायची; घट्ट फळी पंखाच्या कण्यासाठी, म्हणजे स्पारसाठी, हलकी शेपटाकडे. एकामागे एक रिब उभ्या राहतात आणि पिनांनी रोवलेल्या आराखड्यावरून पंख वर येऊ लागतो. शेपटाकडे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं, म्हणून तिथे गोंदाचा थेंबसुद्धा मोजून पडतो. मूळ विमान धातूचं. त्याच्या पत्र्यांचे सांधे आणि रिवेट दिसायला हवेत, तर इंजेक्शनच्या सिरिंजमधून पांढऱ्या गोंदाचे बारीक ठिपके रांगेनं सोडायचे. एका पंखावर शेकडो. हे काम करताना मनातली घाई हळूहळू उतरते. कुणीतरी सत्तर वर्षांपूर्वी हातोडीनं ठोकलेल्या प्रत्येक खिळ्यापाशी आपण क्षणभर थांबून येतो.

एकट्यानं बांधता येतं, पण उडवायला मंडळी लागतात. थंडीतल्या रविवारी उजाडता उजाडता माळावर गाड्या लागतात, कारण ऊन चढलं की जमिनीवरून उष्ण हवेचे झोत उठू लागतात. घारी त्यांवर आनंदानं फिरतात. आठ किलोंचं मॉडेल उतरवणाऱ्याला ते नको असतात. क्लबात निवृत्त टर्नर आहेत, दंतवैद्य आहेत, एनसीसीच्या एअर विंगमध्ये दोरीवरची विमानं फिरवून आलेली कॉलेजची मुलं आहेत. कुणाच्या लेथवर चाकाचा आस निघतो, कुणी सर्वो दुरुस्त करून देतो. पूर्वीच्या रेडिओ संचांत एका चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला तर विमान हमखास जायचं. म्हणून फळीवर चिमटे असत आणि ज्याच्या हाती चिमटा त्यालाच उडवायचा हक्क. आता २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ती अडचण संपवली आहे. पण एकमेकांना विचारून हवेत जायची रीत टिकली आहे, आणि ती टिकावी. अजून कुणी ग्लो इंजिन सुरू केलं की मेथॅनॉल आणि जळत्या एरंडेलाचा वास पसरतो आणि जुनी मंडळी बोलता बोलता थांबतात.

नवशिक्याला सगळ्यात अवघड जातं ते आपल्याकडे येणारं विमान. जाताना उजवं ते उजवंच असतं. वळून समोर आलं की डावं-उजवं उलटतं. शाळकरी मुलगी ट्रेनर केबलला जोडलेला दुसरा ट्रान्समीटर धरून ओरडते, "काका, ते भलतीकडेच जातंय!" काका स्वतःचं बटण सोडून ताबा परत घेत नाहीत, आणि आवाजही चढवत नाहीत. "जो पंख खाली पडलाय ना बाळा, त्याच बाजूला काठी ने. आधार दे त्याला." ती काठी नेते, पंख उचलला जातो. पडणाऱ्या बाजूला आधार द्यायचा: एवढ्या वाक्यावर कितीतरी विमानं वाचली आहेत.

हुबेहूब विमान उडवण्याची कला मात्र आणखी पुढची. जागतिक स्पर्धांच्या एफ४सी गटात आधी जमिनीवर आराखडा, फोटो आणि रंग ताडून पाहतात, मग उड्डाणातला खरेपणा पाहतात. आकाशात विमानाशेजारी माप म्हणून काहीच नसतं, ना झाड, ना माणूस. डोळा त्याचा आकार चालीवरून ठरवतो. झटक्यात वळलं की ते खेळणं दिसतं. थ्रॉटल हळूहळू पुढे नेला, शेपूट आधी उचलू दिलं, धावपट्टी सावकाश सोडली, वळण रुंद घेतलं, की सव्वादोन मीटरचं विमान बघता बघता पावणेअकरा मीटरचं होतं. काळ आवळलेला असतो, तो उडवणाऱ्यानं दोन अंगठ्यांनी सैल करायचा असतो. माझं एचटी-२ पहिल्यांदा तसं वळलं तेव्हा मला मैदानाचा विसर पडला. हे विमान घाटग्यांनी पाहिलं होतं ते असंच, एवढंच मनात होतं.

पूर्ण मापाच्या हवेत छोट्या विमानानं किती दूर जावं, याला अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांनी २००३ च्या ऑगस्टमध्ये उत्तर दिलं. त्यांचं पाच किलोंहून हलकं मॉडेल न्यूफाउंडलंडहून निघालं आणि अडतीस तास बावन्न मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन अटलांटिक ओलांडून उतरले होते त्या क्लिफ्डेनजवळच. हिल तेव्हा सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. विमान आकाराला आणलं ते बोटांनी, आणि मित्रांच्या डोळ्यांनी.

म्हणून या छंदाला क्लब हवा आणि क्लबला माळ हवा. शहरं पसरतात तसे असे माळ एकेक करून प्लॉटिंगखाली जात आहेत. आपण क्रिकेटला मैदान राखतो, कुस्तीला आखाडा राखतो. तशी गावाबाहेर, विमानतळाच्या वाटेत न येणारी, शंभर-दीडशे मीटरची एक सपाट पट्टी उड्डाणासाठीही राखावी, असं मी मनापासून म्हणतो. तिथे पोरांना गणित हातात धरता येईल, लाकूड तोलता येईल, आणि आपल्याच मुलखातल्या एका माणसानं विमान आखलं होतं हे ती ते विमान स्वतः बांधून शिकतील.