गाणी नंतर, आधी गाडी!

जुनी पद्मिनी, पूर्णाकाठची काळी माती आणि एक साधा प्रश्न. म्युझिक लावायचं की इंजिन ऐकायचं? शेगाव ते वरवट बकाल, कानांनी केलेली एक छोटीशी ट्रिप.

लाँग ड्राइव्हला निघायचं म्हटलं की आपण सगळ्यांत आधी काय तपासतो? टायरमधली हवा? छे! प्लेलिस्ट. पूर्वी डॅशबोर्डवर कॅसेटचा डबा असायचा, मग सीडीचं पाऊच आलं, मग पेनड्राइव्ह आणि आता फोन. पार्किंगमधून गाडी बाहेर पडून पहिला सिग्नल येईपर्यंत पहिलं गाणं संपलेलंही असतं. इंजिन चालू आहे की बंद, हेसुद्धा नव्या गाडीत मीटरकडे बघून ठरवावं लागतं.

क्लासिक कार बाळगणाऱ्या मंडळींत मात्र यावरून सरळसरळ दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते, जुनी गाडी आणि जुनी गाणी हे कॉम्बिनेशन म्हणजे स्वर्ग. दुसरी म्हणते, इंजिनच्या आवाजापुढे गाणं लावणं म्हणजे समोर गवई बसलेला असताना टेपरेकॉर्डर चालू करणं. मुंबई-पुण्यात रविवारी सकाळी कॉफी पिता पिता हा वाद रंगतो आणि कॉफीबरोबरच संपतो. तो खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा असेल तर गाडी जिथे शोभेची नाही, कामाची आहे, अशा ठिकाणी जायला हवं. म्हणून मी गेले बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालला.

पद्मिनी, मॉडेल १९८६

माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे, गाव वरवट बकाल. त्याच्या बाबांकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. रंग क्रीम, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. शेगाव स्टेशनवर काका स्वतः घ्यायला आले होते. कचोरी झाली, चहा झाला आणि आम्ही उत्तरेला निघालो.

पद्मिनीची कुंडली थोडक्यात सांगते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. आजच्या भाषेत अगदी साधं. पण मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीने तिला घराघरांत ओळख दिली. त्यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. उरल्या त्या अशा, कुणाच्या तरी अंगणातल्या.

शेगाव सोडलं की दोन्ही बाजूंना सपाट काळी माती. कापूस, तूर, सोयाबीन. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं. काका रेडिएटरमध्ये इथल्या बोअरचं पाणी कधीच घालत नाहीत, डिकीत गोड्या पाण्याचा कॅन कायम असतो. खारं पाणी आतून क्षार धरतं, गंज चढवतं आणि मग ऐन मे महिन्यात गाडी उकळते. मातीचाही स्वभाव वेगळा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा होतो. मागचे पाटे प्रत्येक लाटेला कुरकुरतात.

गाडीत गाणं नव्हतं. मी फोन काढला, तर काका शांतपणे म्हणाले, “गाणे लावाले मी नाई नाई म्हनत, पोरी. पन आंदी गाडी काय म्हंते ते त आयक.”

डॅशबोर्डवर नाही ते कानात

मला वाटलं होतं, हे नॉस्टॅल्जियाचं प्रकरण आहे. म्हणजे जुन्या माणसांना जुना आवाज आवडतो, वगैरे. तसं ते मुळीच नाही. पद्मिनीच्या डॅशबोर्डकडे नीट बघा. स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, टेम्परेचरचा काटा आणि दोन-चार दिवे. संपलं. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते सांगणारा काटा नाही. काय बिघडलंय ते सांगणारा स्क्रीन तर नाहीच नाही. मग गिअर कधी बदलायचा? आवाज सांगेल तेव्हा. नव्या गाडीत जे काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात, ते या गाडीत ड्रायव्हरचा कान करतो. इंजिनचा आवाज हेच इथलं मीटर.

खिरोड्याला पूर्णेचा पूल येईपर्यंत माझा क्रॅश कोर्स सुरू होता. बारीक, एकसारखी टकटक आली तर टॅपेटमधलं अंतर वाढलंय. घाई नाही, पण सेटिंग करून घ्या. चढावर टॉप गिअरमध्ये खडखड आली तर इंजिनवर लोड पडतोय किंवा टायमिंग चुकलंय. ताबडतोब खालचा गिअर टाका. रेस दिल्यावर किंचाळी आली तर पट्टा सैल. आवाजाचा ठेका मध्येच चुकतोय? गाडी ‘मिसिंग’ करतेय, प्लग बघा. आणि खालून सतत घूंऽऽ असा सूर येत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर गिअर न्यूट्रलला घ्या. सूर इंजिनबरोबर उतरला तर दोष पुढे बॉनेटखाली. गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग.

आता विचार करा, यातला प्रत्येक आवाज आधी बारीक असतो आणि मग मोठा होतो. बारीक असताना कळला तर शंभर-दोनशेचं काम. गाण्याखाली दबला आणि मोठा झाल्यावर कळला तर गाडी रस्त्यात उभी. पुण्यात गाडी उभी राहिली तर टोइंगवाला तासाभरात येतो. इथे दुपारी दोन वाजता, कापसाच्या वावराकडेला, पद्मिनीचा पार्ट कुठून आणणार? म्हणून काकांच्या लेखी इंजिन ऐकणं हा शौक नाही. घरी पोहोचायची सोय आहे.

गॅरेजचे मिस्त्रीही याच शाळेतले. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ना, अगदी तस्सं. कुठल्या सिलिंडरमधून आवाज येतोय ते यावरून कळतं. लॅपटॉप लावून गाडी तपासणाऱ्या नव्या पिढीला ही कला हळूहळू अनोळखी होत चालली आहे.

रेडिओत शिरलेलं इंजिन

गंमत म्हणजे गाडीत गाणं ही काही आजची फॅशन नाही. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये कारसाठी रेडिओ काढला. ‘मोटोरोला’ हे नाव त्यातूनच आलं. आपल्याकडे विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि पुढे फियाट-अ‍ॅम्बेसेडरमध्ये रेडिओ बसवणं हा स्टेटसचा भाग झाला. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. ती भानगड १९८० च्या दशकात संपली.

पण त्या रेडिओतही इंजिन शिरायचंच. स्पार्क प्लगची ठिणगी रेडिओ लहरी सोडते आणि मीडियम वेव्हचा सेट त्या पकडतो. त्यामुळे लताबाईंच्या आवाजामागे कर्रकर्र ऐकू यायची आणि रेस वाढवली की कर्रकर्रही वाढायची. तेव्हाच्या ड्रायव्हरला गाणं आणि गाडी एकाच स्पीकरमधून ऐकू येत होती म्हणा ना!

आणि आता? काळाची चक्रं बघा. २०११ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम ५ ची केबिन इतकी शांत होती की कंपनीने इंजिनचा आवाज म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरमधून ऐकवायची सोय केली. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला कमी वेगात कृत्रिम आवाज सोडणं सक्तीचं आहे, पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून. म्हणजे आवाज घालवण्यासाठी आधी पैसे आणि तो परत आणण्यासाठी पुन्हा पैसे. पद्मिनीत तो फुकट मिळतो.

पण म्युझिकवाल्यांचंही ऐका

वरवट बकालला शेगावचा रस्ता जळगाव जामोदकडून तेल्हारा-अकोटकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळतो. इथे उभं राहिलं की दुसरी बाजूही कळते. विदर्भातली काळी-पिवळी म्हणजे टॅक्सी नव्हे, शेअर जीप. ट्रॅक्स, कमांडर, मॅक्स. दिवसभर त्याच रस्त्यावर त्याच फेऱ्या मारायच्या, वरून ४४-४५ डिग्री ऊन आणि शेजारी डिझेल इंजिनची अखंड घरघर. अशा ड्रायव्हरला इंजिनचं संगीत ऐका, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला गाणं हवंच. पेंग येऊ नये म्हणून, आणि माणसासारखं वाटावं म्हणूनही. शेगावला दर्शनाला निघालेल्या गाड्यांमध्ये भजनं लागलेली असतात. ती बंद केली तर यात्रेतली अर्धी मजाच जाईल.

इंजिनप्रेमाचा अतिरेकही असतो. सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणारी बुलेट हा त्याचा सर्वांत कटकटीचा अवतार. त्यात ऐकणं नाही, ऐकवणं आहे. तो बेकायदा आहेच, वर इंजिनबद्दल काहीही सांगत नाही. चांगल्या जुन्या गाडीचा आवाज मुळात मोठा नसतो. एकसारखा असतो.

माझा मित्र म्युझिक पार्टीचा. त्याला पद्मिनीत ब्लूटूथ सिस्टीम बसवायची आहे, दारांत स्पीकर वगैरे. त्याचं लॉजिकही चुकीचं नाही. तो म्हणतो, “बाबा, मला गाडीत बसायला मजा आली नाही तर मी ती ठेवणार कशाला?” प्रश्न बोचरा आहे, पण खरा आहे.

पन्नासला दहा कमी

कारण ‘ठेवणं’ आता स्वस्त राहिलेलं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल. ही फी कारसाठी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० करण्यात आली. फिटनेस, ग्रीन टॅक्स आणि गॅरेज वेगळं. काकांच्या गाडीचं रिन्यूअल २०२६ चं.

मग व्हिंटेज म्हणून नोंदवा ना! तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज व्हायला गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. तेव्हा नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. थोडक्यात, ४० वर्षांची पद्मिनी साध्या गाड्यांत म्हातारी आणि व्हिंटेजमध्ये पोरसवदा. आणि पन्नाशी गाठली तरी काकांना तिच्यातून बाजाराला जाता येणार नाही.

यापेक्षा मोठी अडचण काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. वारी हनुमानच्या रस्त्याला सातपुड्याचे डोंगर समोर दिसू लागले होते. काकांनी खालचा गिअर टाकला आणि हळू आवाजात विचारलं, “बारीक टकटक येते का वं? मले आता बारीक आवाज येत नाई.” वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले, बारीक आवाज. घूं आणि खडखड त्यांना कळते. टॅपेट मात्र कळत नाहीत. गाडीचं सगळ्यांत महत्त्वाचं मीटर बंद पडायला लागलंय आणि त्याचा पार्ट मिळत नाही.

मागच्या सीटवर बसलेल्या मित्राने हे ऐकलं. तो काही बोलला नाही. परत येताना स्टिअरिंग त्याच्याकडे होतं. पहिले काही किलोमीटर काचा खाली, फोन खिशात. मग म्हणाला, “बाबा, टॅपेट बोलायलेत थोडे.” काका म्हणाले, “मंग सोमवारी नेजो.” त्यानंतर त्याने फोन सीटवर ठेवून, अगदी बेताच्या आवाजात, गाणी लावली. काकांनी बंद करायला सांगितलं नाही.

मला वाटतं, वादाचा निकाल इथेच लागतो. जुन्या गाडीत म्युझिक हवं की इंजिन, हा आवडीचा प्रश्न नाही, क्रमाचा आहे. निघाल्यावर पहिली १०-१५ मिनिटं गाडीची. इंजिन तापेल, तेल फिरेल, जे काही सांगायचंय ते ती सांगेल. चढ, घाट आणि खराब रस्ताही तिचाच. उरलेला सपाट रस्ता तुमचा. लावा काय लावायचं ते, फक्त इंजिनपेक्षा मोठं नको. आणि घरात एखादी जुनी गाडी असेल तर चावीबरोबर आणखी एक गोष्ट ताब्यात घ्या. वडिलांच्या शेजारी बसून तिचे आवाज शिकून घ्या. ते आरसी बुकात लिहिलेले नसतात.

जायचं असेल तर

कसं जाल : मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस शेगावला थांबते. तिथून वरवट बकालला एसटी किंवा काळी-पिवळी.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान आणि वावरात कापसाची वेचणी. पावसाळ्यात पूर्णेला पूर असेल तर खिरोड्याच्या पुलाची चौकशी करूनच निघा. एप्रिल-मेचं ऊन टाळा.

आसपास : वाण धरणाजवळचं वारी हनुमान, अंबाबरवा अभयारण्य, अकोटकडून नरनाळा किल्ला.

जुनी गाडी नेत असाल तर : गोड्या पाण्याचा कॅन, जास्तीचा फॅन बेल्ट, प्लग, प्लगपाना आणि लांब पेचकस. प्लेलिस्ट सगळ्यांत शेवटी.