हार घालून झाल्यावर

पेरणीची घाई सुरू झाली की इकडे अमरावती-अकोल्यात सत्काराचा मोसम लागतो. नीटमध्ये निवड झालेली पोरं, एखादा ताजा अधिकारी, शाल, श्रीफळ आणि मग मार्गदर्शन. पहाटे चारला उठा. मोबाइल दूर ठेवा. एकच ध्येय धरा, असं पहिला सांगतो. दुसरी वाटही हाताशी असू द्या, असं त्याच्यामागून बोलणारा. क्लासवाचून जमतं म्हणणाऱ्याचा फोटो आठवडाभरात क्लासच्याच फ्लेक्सवर झळकतो. अशाच एका सभेत मागच्या रांगेतला पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "चार वाजता त मी रोजच उठतो बे, म्हशी दोहाले."

खोटं कोणी बोलत नसतं. ज्याला जे फळलं, तेच त्याला कारण वाटतं. पण तसंच चारला उठून, तसाच मोबाइल बंद ठेवून जो यादीबाहेर राहिला, त्याच्या हाती माइक जात नाही. त्यामुळं उपदेश खरा की नुसता नशीबवान, हे सभेला कधी कळत नाही.

सल्ले गाडगेबाबांनीही दिले, रात्ररात्र दिले. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 1876, अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचे. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा. यातला एकही सल्ला यशातून आलेला नाही. वडील दारूनं गेले. दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. शाळा तर वाट्यालाच आली नाही. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावानं पदव्या देतं. आपल्या घरात काय बुडालं, तेच ते गावोगाव सांगत होते. तेही दिवसा खराट्यानं गाव झाडून झाल्यावर, आणि कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत.

विसंगती त्यांच्यातही होती. 1905 मध्ये बायको-मुलांना मागं ठेवून घराबाहेर पडलेला माणूस लोकांना संसार नीट करा म्हणत होता. त्या बायकोनं, कुंताबाईंनी, हे कसं ऐकलं असेल, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मात्र माझ्यासारखे व्हा, असं बाबा म्हणाले नाहीत. मी कोणाचा गुरू नाही, असंच सांगत. पाया पडायला वाकणाऱ्यावर काठी उगारत.

आणि कर्जाचं काय? कोरडवाहू कपाशीवाल्याला बियाणं-खताला पैसा लागतो. पावसानं दडी मारली, दुबार पेरणी आली, की पुन्हा लागतो. त्याला कर्ज काढू नको म्हणणं म्हणजे रान पडीक ठेव म्हणणं. बाबांचा रोख लग्नाच्या, तेरवीच्या, सणाच्या जेवणावळीसाठी काढलेल्या उसनवारीवर होता. सल्ला कुठल्या दुखण्यातून आला हे ठाऊक असलं, की तो आपल्या अंगाला कुठं बसतो आणि कुठं नाही, हे ज्याचं त्याला पाहता येतं. फ्लेक्सवरच्या सल्ल्याला ती सोय नाही. तिथं फक्त गुण छापलेले असतात.

एका संयोजकांना मी सुचवून पाहिलं, यंदा तीनदा हुकलेल्या एखाद्या पोराला बोलवा, काय चुकलं ते सांगेल, नाहीतर काहीच चुकलं नव्हतं हे तरी सांगेल. त्यांनी डोकं खाजवलं.

"मंग शाल कायच्याबद्दल द्याची, सर?"